दापोलीचे पेन्शनर

दापोलीला जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. आज तिथे छावणी नाही, पलटण नाही. कोकण कृषी विद्यापीठ आहे, आंब्याकाजूच्या कलमांच्या रोपवाटिका आहेत, आणि मुरूड-कर्द्याच्या समुद्राकडे निघालेल्या गाड्यांची गर्दी आहे. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. १८१८ साली पेशवाई बुडाली, कोकण इंग्रजांच्या हाती आलं आणि दक्षिण कोकणासाठी कायमची छावणी कुठे ठेवायची असा प्रश्न कंपनी सरकारपुढे आला. दापोलीची जागा त्यांना पसंत पडली. समुद्र जवळ, पण गाव उंच पठारावर. हवा गोऱ्या साहेबाला मानवेल इतकी थंड. वीसेक वर्षं तिथे खडी फौज होती. १८४० च्या सुमारास ती हलवली आणि मागे एक ‘वेटरन बटालियन’ ठेवली. वय झालेल्या, दगदगीच्या मोहिमांना न झेपणाऱ्या शिपायांची ही पलटण. १८५७ च्या सुमारास तीही मोडली.

पलटण मोडली, पण माणसं कुठे जाणार? ती तिथेच राहिली. त्यांच्यामागून दुसऱ्या पलटणींतून सुटलेले आले. पुढची चाळीस-पन्नास वर्षं दापोली हे लष्करी पेन्शनरांचं गाव होतं. कोणी हवालदार, कोणी जमादार, कोणी सुभेदार. आज मला सांगायचं आहे ते या पेन्शनरांविषयी, आणि त्यांनी काढलेल्या एका मंडळीविषयी.

आता खडवलीत राहणाऱ्या माणसाने दापोलीची गोष्ट का सांगावी? त्याला कारण आहे. आमचं खडवली कल्याण तालुक्यातलं, भातसा नदीच्या काठचं, कसारा गाडीच्या मार्गावरचं टिटवाळा आणि वाशिंद यांच्या मधलं स्टेशन. या पट्ट्यात निवृत्त फौजी बरेच. काही इथलेच, बरेचसे रत्नागिरी, सातारा, सांगलीकडून पोटापाण्यासाठी आलेले. पलटणीतून सुटले की अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यात, रेल्वेत, बँकेच्या दारावर दुसरी नोकरी धरायची आणि स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर बांधायचं, ही इथली रीत. या मंडळींच्या संघटना असतात. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन, सात डिसेंबरला ध्वजदिन, मध्ये एखादा सत्कार. गावातली तरुण पोरं विचारतात, ‘काका, याच्यापलीकडे तुमची संघटना करते काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला आजच्या कुठल्या संघटनेत नाही, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या दापोलीत सापडतं.

दुसरं कारण अगदी शेजारचं आहे. आमच्या पूर्वेला मुरबाड तालुका. मुरबाडकर नावाचं एक घराणं होतं, पिढीजात लष्करी. धनंजय कीरांनी लिहिलं आहे की या घरातले सात भाऊ लष्करात सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोचले होते. त्या सातांपैकी एकाची मुलगी भीमाबाई. तिचं लग्न झालं रामजी मालोजी सकपाळ यांच्याशी. रामजी मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, म्हणजे दापोलीच्या सीमेवरचे. तेही लष्करात. या दोघांचं चौदावं अपत्य म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा ठाणे जिल्ह्याचा आणि दापोलीच्या पेन्शनरांचा संबंध सोयरिकीचाच आहे म्हणा ना!

तर ही पेन्शनर माणसं कोण होती? मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकणातून मोठी भरती होई. मराठे असत, भंडारी असत, आणि महार-चांभार समाजातले शिपाईही मोठ्या संख्येने असत. बंगालच्या फौजेत उच्चवर्णीयांचा भरणा होता, मुंबईच्या फौजेने तो शिरस्ता पाळला नाही. कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं आहेत, त्यांत ‘नाक’ शेवट असलेली नावं कितीतरी आहेत. हा ‘नाक’ महारांच्या नावांना जोडला जाई. याच समाजातला माणूस गावात असता तर वेशीबाहेर राहिला असता, सरकारी कामाची वर्दी घेऊन अनवाणी धावला असता, बलुत्यासाठी दारोदार उभा राहिला असता. पलटणीत तो हवालदार होई, सुभेदार होई.

फौजेने या माणसांना दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे अक्षर. कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवण्यासाठी पलटणीच्या शाळा असत. रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर होते. मुलगेच नव्हे, घरातल्या बायकांनाही लिहिता-वाचता येई. ज्या काळात गावच्या पाटलाला सहीऐवजी नांगराची निशाणी करावी लागे, त्या काळात पलटणीतल्या महार सुभेदाराची बायको पोथी वाचू शके. हा उलटा न्याय डोळ्यांपुढे आणा, म्हणजे पुढची गोष्ट कळेल.

दुसरी गोष्ट म्हणजे पेन्शन. पेन्शन मोठी नसे. पण तिचं मोल रकमेत नव्हतं, ती कुठून येते यात होतं. गावच्या महाराचं पोट बलुत्यावर आणि वतनावर. गावाने मनात आणलं तर बलुतं बंद, आणि बलुतं बंद म्हणजे उपास. गावकीविरुद्ध तोंड उघडण्याची किंमत ही अशी होती. पेन्शनरावर मात्र हे हत्यार चालत नव्हतं. त्याचा पैसा सरकारी तिजोरीतून येई. पाटील तो थांबवू शकत नव्हता, खोतही नाही. शिवाय दापोली हे छावणीभोवती वाढलेलं नवं गाव. जुन्या गावात घराघराची जागा ठरलेली, कोणी कुठे उभं राहायचं हे ठरलेलं. इथे ते तितकं घट्ट बसलेलं नव्हतं. अक्षर, पैसा आणि थोडीशी मोकळी जागा. एवढ्या भांडवलावर या माणसांनी काम सुरू केलं.

त्यांच्यातले पुढारी गोपाळबाबा वलंगकर. मूळ नाव गोपाळनाक विठ्ठलनाक वलंगकर, गाव महाडजवळचं रावढळ. फौजेतून १८८६ च्या सुमारास हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीत येऊन राहिले. निवृत्त हवालदार काय करतो? घर शाकारतो, शेताचा तुकडा बघतो, संध्याकाळी चार जुन्या सोबत्यांत बसून काबूल-कंदाहारच्या गोष्टी सांगतो. वलंगकरांनी निवृत्तीनंतर लेखणी हातात घेतली. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. ‘दीनबंधु’मध्ये ते लिहीत, आगरकरांच्या ‘सुधारका’तही लिहीत. (‘दीनबंधु’ तेव्हा चालवत होते नारायण मेघाजी लोखंडे, गिरणी कामगारांचे पहिले पुढारी, आणि जन्माने ठाण्याचे. ठाणेकरांना हे फारसं ठाऊक नसतं.) १८८८ मध्ये वलंगकरांनी ‘विटाळ विध्वंसन’ नावाचं एक छोटं पुस्तक काढलं. त्यात समाजातल्या मोठ्या लोकांना सव्वीस प्रश्न विचारले होते. विटाळ येतो कुठून, कोणत्या शास्त्राने येतो, आणि शास्त्रानेच येत असेल तर व्यवहारात तो सोयीने जातो कसा? प्रश्न विचारण्याची पद्धत मला फार फौजी वाटते. आरडाओरड नाही, शिवी नाही. एकामागून एक, रांगेत उभे केलेले प्रश्न. उत्तर द्या किंवा गप्प बसा.

१८९० च्या सुमारास त्यांनी ‘अनार्य दोष-परिहारक मंडळी’ काढली. नाव जड आहे, पण अर्थ साधा आहे. अनार्य म्हणवल्या गेलेल्या लोकांवर जो दोष लादला गेला तो दूर करणारी मंडळी. महाराष्ट्रातल्या अस्पृश्य समाजाच्या अगदी पहिल्या संघटनांपैकी ही एक म्हणून इतिहासकार तिची नोंद करतात, आणि ती योग्यच आहे. माझं म्हणणं एवढंच की तिच्याकडे आणखी एका बाजूने बघावं. तिचा कणा लष्करी पेन्शनरांचा होता. आजच्या भाषेत सांगायचं तर ती माजी सैनिकांची संघटना होती, आणि महाराष्ट्रातल्या माजी सैनिकांच्या संघटनांचा इतिहास लिहायचा झाला तर पहिलं पान तिला द्यावं लागेल.

मंडळीची आणि एकूणच दापोलीच्या पेन्शनरांची कामं पाहिली की त्यात शाळेचा प्रश्न सगळ्यात वर येतो. हे स्वाभाविक होतं. आपण पलटणीच्या शाळेत शिकलो, आपली मुलं मात्र गावच्या शाळेत शिकू शकत नाहीत, हे त्या माणसांना सहन होण्यासारखं नव्हतं. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या, हे तत्त्व कागदावर होतं. १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला होता. त्या प्रकरणापासून हा वाद मुंबई सरकारपुढे होताच. कागद आणि पडवी यांत मात्र अंतर असतं. दापोलीच्या नगरपालिकेच्या शाळेत या मुलांना आत वर्गात नव्हे, बाहेर पडवीत बसवत. मास्तर तिथवर येणार नाही. आतून येईल तेवढा आवाज ऐकायचा आणि त्यालाच शिक्षण म्हणायचं.

१८९२ मध्ये दापोलीच्या महार आणि चांभार पेन्शनरांनी याविरुद्ध अर्ज केला. इथे मला थोडं थांबायचं आहे. अर्ज ही आज आपल्याला क्षुल्लक गोष्ट वाटते. त्या काळी गावच्या बहुजनाला सरकारशी बोलायचं तर मध्ये कुलकर्णी लागे, वकील लागे, निदान लिहिणारा तरी लागे, आणि लिहिणारा बहुधा ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याच नात्यातला असे. पेन्शनराला मध्ये कोणी लागत नव्हतं. अर्ज कोणाला करायचा, मायना कसा घालायचा, खालच्या साहेबाने दाद दिली नाही तर वरच्याकडे कसं जायचं, मागच्या हुकमाचा दाखला कसा द्यायचा, हे त्याने सगळी उमर पलटणीच्या दफ्तरात पाहिलेलं होतं. कचेरीत जायला त्याचे पाय लटपटत नव्हते. साहेबापुढे ताठ उभं राहायची सवय होती. पेन्शनरांचा अर्ज दापोलीत दबला नाही, तो वर सरकारपर्यंत गेला. नगरपालिकेला उत्तर द्यावं लागलं. गावातल्या मोठ्या लोकांना किती संताप आला असेल याची कल्पना करा. वेशीबाहेरच्या माणसाने, गावातल्या कोणाचीही मदत न घेता, शुद्ध भाषेत, नियमाला धरून कागद केला होता, आणि तो केराच्या टोपलीत टाकता येत नव्हता.

हे चाललं असतानाच वरून घाव बसला. फौजेत नवं वारं वाहू लागलं होतं. हिंदुस्थानातल्या काही जमाती जन्मानेच लढवय्या आणि बाकीच्या नाहीत, ही समजूत साहेब लोकांत घट्ट झाली होती. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे तिचे मोठे पुरस्कर्ते. वायव्येकडचा पंजाबी, पठाण, आणि नेपाळचा गुरखा हे खरे शिपाई, दक्षिणेकडचे नव्हेत, असं ठरलं. पलटणींची जातवार नवी मांडणी झाली आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद करण्यात आली. ज्यांचे आजे-पणजे कंपनीसाठी लढले, ज्यांची नावं सरकारनेच दगडावर कोरली, त्यांना सरकारने कळवलं की तुम्ही लढवय्ये नाही.

या हुकमाचा अर्थ पेन्शनरांना लगेच कळला. प्रश्न नोकऱ्यांचा होताच. पण त्याहून खोलचा होता. पलटण बंद म्हणजे पलटणीची शाळा बंद. शाळा बंद म्हणजे पुढच्या पिढीत अर्ज लिहिणारा नाही. पेन्शन बंद म्हणजे गावकीला न भिणारा माणूस नाही. आज दापोलीत जे चार-दोनशे ताठ कण्याचे लोक दिसतात, ते मेले की त्यांच्या जागी दुसरे येणार नाहीत. वीस-पंचवीस वर्षांत सगळं पुन्हा बलुत्यावर येईल. एका हुकमाने एक अख्खी वाट बुजत होती.

रामजी सुभेदारांनी या बंदीविरुद्ध न्यायमूर्ती रानड्यांकडून अर्जाचा मसुदा करून घेतला, असं कीरांनी नोंदवलं आहे. वलंगकरांनी १८९४ मध्ये मंडळीच्या नावाने मुंबईच्या सेनापतीसाठी एक लांबलचक विनंतीपत्र तयार केलं. त्यातला युक्तिवाद आज वाचताना काही ठिकाणी अडखळायला होतं. आम्ही मूळचे क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात जीव जगवण्यासाठी निषिद्ध अन्न खावं लागलं म्हणून आम्हाला खाली ढकललं गेलं, असं त्यात मांडलं आहे. मंडळीचं नाव ‘अनार्य’ आणि दावा क्षत्रियत्वाचा, हे कसं? काही अभ्यासक याला विसंगती म्हणतात. मला तसं वाटत नाही. फुल्यांच्या मांडणीत क्षत्रिय हे बाहेरून आलेले आर्य नव्हेतच, ते या क्षेत्राचे, या भूमीचे मूळ मालक. वलंगकर फुल्यांचेच शिष्य. त्यांनी साहेबाला समजेल अशा शब्दांत फुल्यांचाच विचार सांगितला. साहेब म्हणतो लढवय्या जात हवी, तर घ्या, आम्हीच खरे लढवय्ये. अर्थात यात एक अडचण उरतेच. लढण्याचा हक्क जातीवरून ठरतो हे साहेबाचं गृहीतक त्यांनी मोडलं नाही, आपल्या बाजूने वळवलं. पण अर्ज करणाऱ्याला समोरच्याच्या दारातून आत शिरावं लागतं. मागून दोष काढणं आपल्याला सोपं आहे.

बंदी उठली नाही. अर्जाला यश आलं नाही, हे सरळ सांगितलं पाहिजे. रामजी सुभेदार निवृत्त झाल्यावर दापोलीत स्थायिक व्हायला आले खरे, पण त्यांनी बेत बदलला आणि कुटुंब घेऊन साताऱ्याला गेले. पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. वलंगकरांना १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर नेमण्यात आलं, तेव्हा बाकीच्या सभासदांनी त्यांच्याबरोबर बसायला हरकत घेतली. सरकारी फौजेतला निवृत्त हवालदार, सरकारनेच नेमलेला सभासद, आणि त्याच्याशेजारी बसण्यावरून वाद! १९०० मध्ये ते वारले.

पण अर्जाची परंपरा मेली नाही. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी ती उचलली. कांबळे स्वतः फौजी नव्हते, पण पुण्या-खडकीच्या छावणीच्या आसपास वाढलेल्या समाजातले. १९०८ मध्ये त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केलं आणि १९१० मध्ये दक्षिणेतल्या महारांच्या परिषदेतर्फे थेट विलायतेला, भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पोलिसात आणि फौजेत घ्या, सरकारी नोकरीच्या खालच्या जागा तरी खुल्या करा, ही मागणी. पहिल्या महायुद्धात माणूस कमी पडू लागला तेव्हा १९१७ मध्ये सरकारला अचानक आठवण झाली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ पर्यंत पलटण मोडली. गरज सरो, वैद्य मरो. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ती मात्र टिकली, आज ती भारतीय सेनेची मानाची रेजिमेंट आहे. १८९२ पासून मोजा. जवळजवळ पन्नास वर्षं.

आणि मध्ये महाड आलं. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या परिषदेला आसपासच्या गावांतून जे लोक जमले त्यांत लष्करी पेन्शनर होते. काही पहिल्या महायुद्धातून परतलेले, काही त्याहून जुने. हा सगळा वलंगकरांचाच मुलूख, त्यांचं रावढळ तिथून जवळच. बाबासाहेबांनी त्या परिषदेतल्या भाषणात या भागाच्या लष्करी परंपरेची आणि भरतीबंदीने झालेल्या नुकसानीची आठवण काढली होती. तळ्यावर शिस्तीत चालत जाणारी ती रांग, आणि नंतर मारहाण झाली तरी उलट हात न उगारणारे लोक, यामागे पलटणीतली शिस्त किती आणि नेत्याचा शब्द किती, हे वेगळं काढता येणार नाही. शिस्त असलेली माणसं तिथे होती एवढं खरं.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र बदललं. कोकणात आणि घाटावर कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या लागल्या, या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, पैकी इतके कामी आले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने तर शेहेचाळीस माणसं गमावली, आणि गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ हेच नाव पडलं. १९१९ मध्ये सरकारने सोल्जर्स बोर्ड स्थापलं, त्याच्या जिल्हावार शाखा झाल्या. आजची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं ही त्याचीच पुढची पिढी. काम सरकारकडे गेलं हे चांगलंच झालं. पण एक गोष्ट हळूच निसटली. दापोलीची मंडळी सरकारला विचारत होती. बोर्ड सरकारच्या वतीने सांगू लागलं. पेन्शनरांची संघटना गावाचे प्रश्न घेऊन वर जायची ती वरची परिपत्रकं घेऊन गावात येऊ लागली.

पूर्ण निसटली असं मात्र म्हणणार नाही. आमच्या खडवलीकडेच बघा. माझ्या ओळखीचे एक निवृत्त नायब सुभेदार आहेत. त्यांच्याकडे नोव्हेंबर महिन्यात रांग असते. पेन्शन चालू राहायची तर हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि आता तो ‘स्पर्श’ नावाच्या संगणक यंत्रणेवर चढवावा लागतो. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचे अंगठ्याचे ठसे झिजलेले, यंत्र ओळखत नाही. कुणा विधवेचं नाव नवऱ्याच्या कागदात माहेरचं, आधार कार्डावर सासरचं. लग्नाची नोंद पलटणीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये कधी झालीच नाही, म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन अडलेलं. हे गृहस्थ रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहितात, सेवापुस्तकाच्या प्रती काढतात, तहसीलदाराचा दाखला मिळवतात, ठाण्याच्या कार्यालयात खेपा घालतात. गावातली फौजेशी संबंध नसलेली माणसंही आताशा त्यांच्याकडे येऊ लागली आहेत, सातबाऱ्यावरची चूक घेऊन, निराधार योजनेचा अर्ज घेऊन. कचेरीत न घाबरणारा आणि कागद नीट करणारा माणूस. दापोलीतही हेच होतं. सत्काराच्या शाली आणि झेंडावंदनाचे फोटो यांत संघटनेची ताकद शोधू नये, ती नोव्हेंबरातल्या या रांगेत आहे.

मोठ्या पातळीवर २०१५ साली हीच ताकद देशाने पाहिली. समान हुद्दा, समान सेवा, समान पेन्शन या मागणीसाठी माजी सैनिक जूनपासून दिल्लीत जंतर मंतरवर बसले, आणि नोव्हेंबरात सरकारचा आदेश निघाला. आदेशातल्या तपशिलावर वाद राहिले, काही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण शिस्तीत बसलेल्या पदकधारी म्हाताऱ्यांकडे दुर्लक्ष करणं कुठल्याही सरकारला जड जातं, हे तेव्हा पुन्हा दिसलं.

आता यापुढचं. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीर चार वर्षं सेवा करणार, त्यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होणार, बाकीचे सेवानिधी घेऊन घरी परतणार. योजना जाहीर झाली तेव्हाच्या हिशेबाने ही रक्कम पावणेबारा लाखांच्या आसपास होती. पेन्शन नाही, माजी सैनिकांसाठीची दवाखान्याची आणि कॅन्टीनची सोय नाही, आणि योजनेच्या अटींप्रमाणे माजी सैनिक हा दर्जाही नाही. योजना लष्कराला हवी की नको हा माझ्या अधिकाराबाहेरचा विषय आहे, त्यावर जाणकार बोलतील. १८९२ ची आणि आजची तुलना करायची झाली तरी ती जपून करायला हवी. तेव्हा एका समाजाला जन्मावरून दार बंद केलं होतं. इथे दार सर्वांना उघडं आहे आणि नियम सर्वांना सारखा आहे.

पण गावाच्या बाजूने बघणाऱ्याला एक प्रश्न दिसतो. दापोलीच्या पेन्शनरामागे वीस-पंचवीस वर्षांची सेवा होती, दफ्तराची ओळख होती, आणि मरेपर्यंत दर महिन्याला येणारा पैसा होता. त्या पैशाच्या जोरावर तो लोकांच्या कामासाठी फुकट वेळ देऊ शकला. बावीस-तेवीसाव्या वर्षी परतणाऱ्या पोराला आधी नोकरी शोधायची आहे, कर्ज फेडायचं आहे, लग्न करायचं आहे. दुसऱ्याच्या विधवा आईचा अर्ज घेऊन ठाण्याच्या खेपा घालायला त्याला सवड कुठून असणार? सगळ्या निवृत्तांच्या संघटना आज साठीच्या पुढच्या माणसांवर चालतात.

आमच्या इथल्या फौजी मंडळींत याची चर्चा सुरू झाली आहे. बहुतेक संघटनांच्या नियमात सभासद कोण, तर ज्याच्याकडे डिस्चार्ज बुक आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र आहे तो. अग्निवीर परतला तर त्याला सभासद करून घ्यायचं की नाही? काही जुन्या सुभेदारांचं म्हणणं, सरकारच ज्याला माजी सैनिक मानत नाही त्याला आपण कसं मानायचं, उद्या कल्याण निधीतून मदत मागितली तर देणार कुठून? दुसऱ्यांचं म्हणणं, सियाचिनला उभा राहिला तो सैनिक, कागद काहीही म्हणो. गेल्या बैठकीत यावर दोन तास गेले. शेवटी एकाने सुचवलं की नियम बदलायचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवू, आणि तोवर वरच्या कार्यालयाला एक पत्र लिहून विचारू. पत्राचा मसुदा करायला दिला आहे.